‘लेदर जॅकेट दोन नंबर मोठंच घ्या’: या मेसेजला मुद्द्यागणिक उत्तर

दिवाळी होऊन पहाटेची थंडी पडू लागली की बुलेट-पल्सरवाल्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर एक मेसेज हटकून फिरतो. पाठवणारा बदलतो, मजकूर तोच. थोडक्यात तो असा:

लेदर जॅकेट नेहमी दोन नंबर मोठं घ्यावं, म्हणजे हिवाळ्यात आत स्वेटर मावतो आणि उन्हाळ्यात हवा खेळते. शर्टाचा नंबर माहीत असला की वेगळं माप घ्यायची गरज नाही. आरशासमोर उभं राहून बाही मनगटावर आली की फिटिंग बरोबर. घट्ट निघालं तर घाबरू नका, चामडं वापरून सैल होतं. घाई असेल तर भिजवून अंगावरच वाळवा. पॅड टोचत असतील तर काढून टाका. बाकी काही राहिलंच तर गावातला टेलर करून देतो.

यातली स्वेटरची गोष्ट अर्धी खरी आहे. चामडं सैल होण्याची पाव खरी. उरलेलं सगळं चुकीचं आहे, आणि काही सल्ले तर पडल्यावर हाड मोडायची सोय करणारे आहेत. शिवाय मेसेज स्वतःशीच भांडतो: चामडं जर सैल होणारच असेल, तर दोन नंबर मोठं घेतलेलं जॅकेट वर्षभराने किती मोठं होईल, याचा विचार लिहिणाऱ्याने केलेला दिसत नाही.

दोन नंबर मोठं

जॅकेटचं काम दोन पातळ्यांवर चालतं. चामडं डांबरावर घासलं जातं आणि कातडी वाचवतं. आतलं पॅड आदळण्याचा जोर पसरवतं आणि हाड वाचवतं. दुसरं काम तेव्हाच होतं, जेव्हा पडण्याच्या क्षणी पॅड हाडावर असतं. प्रयोगशाळेत पॅड एका जागी ठेवून त्यावर वजन पाडतात, म्हणून तिथे ते सरकायचा प्रश्न नसतो. रस्त्यावर माणूस आधी हात टेकतो, मग खांद्यावर कोलमडतो, मग घसरत किंवा लोळत जातो. सैल बाही या ओढाताणीत हाताभोवती फिरते, वर सरकते, आणि कोपराचं पॅड कोपराच्या आतल्या बाजूला जाऊन बसतं. महागडं पॅड असूनही कोपर उघडं आदळतं.

हे दुकानातच तपासता येतं. जॅकेट घाला, चेन पूर्ण लावा, मनगटाची चेन किंवा टिचबटण लावा. कोपर काटकोनात वाकवा. दुसऱ्या हाताने बाहीवरून पॅड चिमटीत धरा आणि आत-बाहेर फिरवा. बोटभर हललं तर चालेल. कोपराचं टोक पॅडच्या बाहेर आलं तर ती बाही तुमची नाही. नंतर सोबतच्या माणसाला बाहीचं टोक धरून खांद्याकडे ढकलायला सांगा. बाही मनगटापासून दोन-तीन बोटं सरकून अडली पाहिजे. अर्ध्या हातापर्यंत चढत गेली तर घसरताना ती तशीच चढणार आणि खालचं मनगट-कोपर डांबरावर राहणार. खांद्याच्या पॅडचा मध्य खांद्याच्या बाहेरच्या गोल हाडावर हवा. दोन नंबर मोठ्या जॅकेटमध्ये तो दंडावर उतरलेला दिसतो.

वेगात आणखी एक त्रास सुरू होतो. ताशी सत्तर-ऐंशीला सैल जॅकेट फुगतं, बाह्या फडफडतात, कॉलर मागे ओढली जाते. नागपूर–हिंगणघाट पट्ट्यात हायवेवर ट्रक ओलांडताना बाजूचा वारा बसतो, तेव्हा फुगलेलं जॅकेट अंगाला ढकलतं. तासाभरात मान आणि खांदे भरून येतात. दोष गाडीच्या सीटला दिला जातो.

आपल्याकडे विदर्भात पडायची कारणंही सरळ नसतात. करांडल्याच्या किंवा टिपेश्वरच्या जंगलाच्या बाजूला संध्याकाळी रोही किंवा रानडुक्कर आडवं येतं. काढणीच्या दिवसांत सडकेवर वाळत घातलेल्या सोयाबीनवरून चाक घसरतं. वणी-घुग्घुसकडे कोळशाच्या गाड्यांची बारीक धूळ वळणावर साचलेली असते. अशा वेळी गाडी चाळीस-पन्नासवरच असते आणि माणूस थेट कुशीवर पडतो. घसरण्यापेक्षा आदळणं जास्त. म्हणजे पॅड जागेवर असणं इथे आणखी महत्त्वाचं.

स्वेटर मावायला हवा, हे किती खरं?

इथे मेसेजला थोडं मानावं लागतं. डिसेंबर-जानेवारीत सकाळी पारा आठ-दहा अंशांवर येतो आणि पहाटे सहाला अकोल्याहून किंवा गोंदियाहून निघालेल्या माणसाला आत काहीतरी लागतंच. पण हीच हवा अकरा वाजेपर्यंत चांगली तापते. दोन-तीन तासांच्या थंडीसाठी बारा महिन्यांचं माप बिघडवणं परवडत नाही. जाड लोकरीचा स्वेटर कोपरात गोळा होतो आणि पॅडला आतून ढकलून जागेवरून हलवतो, हा वेगळा तोटा.

चामडं वारा अडवतंच, त्यामुळे आत उबेसाठी फार काही लागत नाही. अंगाला चिकटून बसणारं पूर्ण बाह्यांचं थर्मल आणि त्यावर पातळ टी-शर्ट पुरतो. जुन्या लोकांची छातीशी वर्तमानपत्र दुमडून ठेवायची युक्ती आजही चालते आणि फुकट आहे. बऱ्याच जॅकेटांना चेनने निघणारं उबदार अस्तर असतं. तसं असेल तर ट्रायल दोनदा घ्या: अस्तर लावून चेन लागली पाहिजे आणि श्वास पूर्ण घेता आला पाहिजे, अस्तर काढून पॅड जागेवर राहिलं पाहिजे. दोन्हींत बसणारा नंबर मिळाला नाही, तर अस्तराविना नीट बसणारा घ्या.

चेन लावलेली असताना बरगडीच्या बाजूचं चामडं चिमटीत धरून पाहा. दोन-तीन सेंटिमीटरची घडी आली तर ठीक. घडीत अख्खी मूठ मावत असेल तर जॅकेट मोठं आहे.

उन्हाळ्यात हवा खेळते?

मे महिन्यात दुपट्टा गुंडाळल्याशिवाय घराबाहेर न पडणाऱ्या माणसांत हा सल्ला फिरतो, याचं नवल वाटतं. दुपट्टा का बांधतो, तर झळ अंगाला लागू नये म्हणून. जॅकेटला तोच नियम आहे. आपल्या त्वचेचं तापमान ३५ अंशांच्या आसपास असतं. हवा त्याहून थंड असेल तोवर वारा लागला की बरं वाटतं. चंद्रपूर, ब्रह्मपुरी, अकोल्याकडे पारा ४४-४५ ला जातो, तेव्हा वारा अंगातली उष्णता नेत नाही, उलट देतो. थंडावा मिळतो तो फक्त घाम वाळण्यातून. आपला उन्हाळा कोरडा, त्यामुळे उघड्या वाऱ्यात घाम अंगावर दिसायच्या आत उडून जातो. पाणी किती गेलं ते कळतच नाही आणि पन्नास-साठ किलोमीटरवर डोकं दुखू लागतं.

राहिला सैल जॅकेटचा प्रश्न. हवा खेळायला आत येणारी वाट लागते आणि बाहेर जाणारीही. सैल जॅकेटमध्ये हवा गळ्यातून आणि बाहीतून शिरते, पोटाशी कोंडते, जॅकेट फुगवते आणि तिथेच तापते. छाती आणि दंडाच्या आतल्या बाजूला बारीक छिद्रं असलेलं, पाठीला चेन उघडून हवा सोडता येणारं, अंगालगत बसणारं जॅकेट जास्त थंड राहतं, कारण छिद्रातून आलेली हवा थेट ओल्या टी-शर्टला लागते. टी-शर्ट ओला करण्यात काही कमीपणा नाही. सुती टी-शर्ट भिजवून घट्ट पिळा, घाला, वरून जॅकेटची चेन गळ्यापासून चार बोटं उघडी ठेवा. वाळला की पुढच्या हातपंपावर किंवा ढाब्यावर पुन्हा भिजवा. पाणी मात्र टी-शर्टवर. चामड्यावर ओतू नका.

आणि स्पष्टच सांगायचं तर, छिद्रं नसलेलं सव्वा मिलिमीटरचं काळं चामडं मे महिन्याच्या दुपारी कुठल्याही मापात घालण्यासारखं नाही. एप्रिल ते जूनच्या पावसापर्यंत पॅड असलेलं जाळीचं जॅकेट वापरावं, सकाळी दहाच्या आत पोहोचावं. लेदरचा मोसम आपल्याकडे ऑक्टोबरची उष्णता ओसरल्यापासून फाल्गुनापर्यंतचा. हे दुकानदार सांगणार नाही.

शर्टाचा नंबर तोच जॅकेटचा

हा गोंधळ आकड्यांचा आहे. फॉर्मल शर्टावर ४० लिहिलेलं असतं ते बहुतेक वेळा कॉलरचं माप, सेंटिमीटरमध्ये. जॅकेटवरचं ४० हे छातीचं माप, इंचांत. दोन्ही आकडे एका माणसाला जुळले तर तो योगायोग. युरोपीय पद्धतीच्या जॅकेटवर ४८, ५०, ५२ असं येतं. तो आकडा छातीच्या सेंटिमीटरच्या निम्मा असतो. म्हणजे ५० नंबर १०० सेंटिमीटर छातीसाठी, साधारण साडेएकोणचाळीस इंच. एम, एल, एक्सएल या अक्षरांना तर कंपनीगणिक वेगळा अर्थ.

ऑनलाइन मागवताना तक्त्यात एक गोष्ट आधी शोधा: दिलेलं माप अंगाचं आहे की शिवलेल्या जॅकेटचं? दोहोंत तीन-चार इंचांचा फरक असतो. जॅकेटचं माप अंगाचं समजून मागवलं की चेन छातीवर अडकते, आणि मग ‘या कंपनीचे नंबर छोटे असतात’ अशी बोंब उठते.

माप टेलरकडून घ्या, पाच मिनिटांचं काम आहे. फक्त काय मोजायचं ते त्याला सांगा, कारण तो शर्टासाठी मोजायला बसेल. पातळ बनियनवर मोजा. छाती काखेखालून, पाठीच्या फऱ्यांवरून, श्वास सोडून. पोट बेंबीवर, पँटच्या पट्ट्यावर नाही. खांदा हाडापासून हाडापर्यंत. बाहीसाठी कोपर वाकवा आणि मानेच्या मागच्या उंच मणक्यापासून खांद्यावरून, कोपराच्या टोकावरून मनगटाच्या हाडापर्यंत टेप न्या. सरळ हाताने मोजलं तर माप कमी भरतं. पाठीची लांबी त्याच मणक्यापासून पट्ट्यापर्यंत, थोडं पुढे वाकून. दंडाचा घेर हात आवळून. शेतात काम करणाऱ्या किंवा व्यायाम करणाऱ्या माणसाला नेमका दंड अडतो आणि तक्त्यात तो रकाना असतोच असं नाही. विक्रेत्याला विचारून घ्या.

पोट छातीपेक्षा मोठं असेल तर इथे खरी अडचण येते. पोटाच्या मापाने घेतलं की खांदे आणि बाह्या सैल, पॅड भटकतात. छातीच्या मापाने घेतलं की चेन लागत नाही. अशा अंगाला कमरेच्या दोन्ही बाजूंना पट्ट्या, दोऱ्या किंवा उघडणारी चेन असलेलं जॅकेट शोधावं, नंबर खांदा-छातीचा ठेवावा. तेही जमत नसेल तर मापाने शिवून घ्यावं. पोटासाठी नंबर वाढवणं हा सर्वांत सोपा आणि सर्वांत वाईट उपाय.

बायकांना ‘पुरुषांचं स्मॉल घ्या’ म्हणतात, त्याचंही उत्तर यातच आहे: खांदा रुंद पडतो, छाती आणि कंबरेखालचा भाग आवळतो. बायकांच्या कापाचं जॅकेट कमी मिळतं, पण मिळतं.

आरशासमोर उभं राहून

आरशासमोर तुम्ही गाडी चालवत नाही. हँडल धरायला हात पुढे गेले की पाठ ताणली जाते, बाही दोन-तीन इंच वर जाते, मागचा काठ वर सरकतो. उभं असताना बाही मनगटावर बरोबर वाटली तर गाडीवर ती आखूड असणार. उभ्याने बाहीचं टोक अंगठ्याच्या मुळाशी आलं पाहिजे. जरा लांब वाटेल, वाटू द्या. चांगल्या जॅकेटच्या बाह्या मुळातच कोपरात वाकवून शिवलेल्या असतात. हात खाली सोडले की आतल्या बाजूला चुण्या पडतात. आरशात हे ढगळ दिसतं आणि गिऱ्हाईक नेमकं चांगलं जॅकेट परत ठेवतो.

खरी ट्रायल गाडीवर. दुकानाबाहेर आपली गाडी डबल स्टँडवर लावा. ऑनलाइन आलं असेल तर टॅग न काढता अंगणात हेच करा, परत करायची मुदत संपायच्या आत. नेहमीचं हेल्मेट आणि हातमोजे घाला. मग:

हँडल धरून बसा. बाही मनगटाच्या हाडावर राहिली पाहिजे, मोज्याचा काठ आणि बाही यांत कातडी दिसता कामा नये. हँडल पूर्ण डावीकडे वळवा. आता उजवा हात सर्वांत लांब जातो. काख ओढली गेली किंवा पाठीत आवळलं तर पाठ अरुंद आहे. उलट बाजूही पाहा. ॲक्सिलरेटर पूर्ण पिळा, क्लच दाबा. मागून येणारी गाडी पाहावी तशी मान दोन्ही खांद्यांवरून वळवा. कॉलर आणि गळा यांत दोन बोटं मावावीत, आणि हेल्मेटचा मागचा काठ कॉलरवर आपटू नये. मागे उभ्या माणसाला विचारा, काठ पट्ट्याच्या खाली तीन-चार बोटं आहे का. वर चढला असेल तर पडल्यावर कंबर उघडी पडणार. पँटला जोडायची चेन असेल तर उत्तम. नसेल तर निदान पट्ट्यात अडकवायचा लूप तरी हवा. तो वापरायला लोक कंटाळतात, पण घसरताना जॅकेट छातीपर्यंत चढू न देणारी तीच एक गोष्ट.

हे सगळं करून पंधरा-वीस मिनिटं तसेच बसून राहा. घाईत कळत नाही ते तेवढ्यात कळतं. बोटांना मुंग्या आल्या तर बाही कोपराशी किंवा काखेत आवळते आहे, ते जॅकेट सोडा.

गाडीचा प्रकारही बघायला हवा. आपल्याकडे बहुतेक जण स्प्लेंडर, बुलेट, हिमालयनसारख्या ताठ बसायच्या गाड्यांवर असतात. रेसिंगच्या कापाचं जॅकेट पुढून आखूड, मागून लांब आणि वाकलेल्या अंगासाठी बेतलेलं असतं. ते घालून बुलेटवर ताठ बसलं की पुढे चामडं गोळा होतं, कॉलर गळ्याला टोचते, खांदे पुढे ओढले जातात. आर-१५ किंवा आरसीसारखी वाकून चालवायची गाडी असलेल्याला तेच जॅकेट बरोबर बसेल. दिसायला भारी म्हणून रेसिंगचं घ्यायचं आणि मग आरामासाठी नंबर वाढवायचा, ही चूक फार होते.

चामडं सैल होतं, नाहीतर भिजवा

‘घ्या ना भाऊ, वापरून वापरून सैल होते.’ हे वाक्य दुकानात ऐकलं की विचारा, कुठे सैल होते?

चामडं वाकतं तिथे मोकळं होतं: कोपर, खांद्याचा मागचा भाग, पाठीचा वरचा भाग. महिना-दोन महिन्यांच्या नियमित वापराने घेरात थोडी सैलाई येते. म्हणून नवं जॅकेट अंगाला भिडलेलं, किंचित कडक वाटणं योग्यच. पण लांबी वाढत नाही. बाही तर कोपरात कायमच्या चुण्या पडून थोडी आखूड होते. आज मनगटावर नेमकी येणारी बाही सहा महिन्यांनी वर दिसते ती यामुळे. आतलं अस्तर पॉलिस्टरचं असतं आणि ते ताणत नाही, त्यामुळे चामडं कितीही मऊ झालं तरी अस्तराच्या मापापुढे जॅकेट जात नाही. पातळ बकरीचं चामडं लवकर मऊ पडतं, म्हशीचं जाड चामडं उशिरा. चेन लावायला पोट आत ओढावं लागत असेल किंवा हात छातीसमोर आडवे घेता येत नसतील, तर ते चामड्याने सुटणारं दुखणं नाही. ताण सगळा शिवणीवर येतो. टाक्यांची छिद्रं लांबट झालेली दिसू लागली की समजा शिवण उसवायला टेकली आहे. पडताना आधी तीच उघडेल.

भिजवण्याचा सल्ला जुना आहे आणि हट्टीही. कमावलेल्या चामड्यात तेल मुरवलेलं असतं, त्यावर त्याचा मऊपणा आणि चिवटपणा टिकतो. पूर्ण भिजवून वाळवलं की तेल निघतं किंवा एका जागी गोळा होतं, आणि चामडं कडक होतं. त्यात कोणी ते टिनाच्या छपरावर उन्हात टाकलं तर आकसतं आणि वाकवल्यावर वरचा थर तडकतो. अंगावर वाळवलं तर आकसणं तेवढं होत नाही, पण ओलं चामडं कुठे आणि किती ताणलं जाईल यावर आपला ताबा नसतो. एका बाजूचा खांदा उतरतो, चेनची रेघ वाकडी होते.

पावसात चुकून भिजलं तर रुंद खांद्याच्या हँगरवर, सावलीत, पंख्याच्या हवेत वाळवा. पॅड आधी काढा. किंचित दमट असतानाच चामड्याचं क्रीम हलक्या हाताने लावा. खोबरेल तेल नको. ते अस्तरात उतरतं आणि जुलै-ऑगस्टच्या दमट हवेत बुरशीला आमंत्रण मिळतं. खिळ्याला टांगायची सवय असेल तर तीही सोडा, कारण मागच्या कॉलरपाशी टोक येतं आणि पाठ खांद्यापासून ओघळते.

नवं जॅकेट मऊ करायचा साधा मार्ग म्हणजे घरात संध्याकाळी तासभर घालून बसणं, हात वाकवत राहणं. कंटाळवाणं आहे, पण आठवड्याभरात काम होतं.

पॅड टोचतं तर काढा

टोचणारं पॅड सांगत असतं की माप चुकलं किंवा पॅडचा खिसा चुकीच्या जागी आहे. सांगणाऱ्यालाच काढून टाकणं शहाणपणाचं नाही. आधी अस्तराच्या आत हात घालून पाहा. बऱ्याच जॅकेटांत कोपराच्या खिशाला वर-खाली दोन जागा असतात, वेल्क्रोने पॅड सरकवता येतं. पॅड उलटं बसवलेलं असणंही नवीन नाही: रुंद टोक कोपरावर आणि निमुळतं मनगटाकडे हवं. काही मऊ पॅड थंडीत कडक असतात, अंगाच्या उबेने दहा मिनिटांत नरमतात. डिसेंबरच्या सकाळी दुकानात टोचलं म्हणून लगेच निकाल देऊ नका.

पॅडवरचा शिक्का वाचायला शिका, फार अवघड नाही. मोटारसायकलस्वाराचं चित्र, त्याखाली युरोपीय मानकाचा क्रमांक, ईएन १६२१-१ (खांदा, कोपर) किंवा १६२१-२ (पाठ). एस म्हणजे खांदा, ई म्हणजे कोपर. १ किंवा २ ही पातळी: पहिल्या पातळीच्या खांदा-कोपराच्या पॅडमधून सरासरी ३५ किलोन्यूटनपर्यंत (हे जोर मोजायचं एकक) जोर पलीकडे जाऊ शकतो, दुसऱ्या पातळीत २० पर्यंतच. ए हा कमी झाकणारा आकार, बी मोठा. आणि आपल्या कामाचं अक्षर म्हणजे टी-अधिक (T+): ते पॅड ४० अंशांवरही तपासलेलं असतं. मऊ पॅड उष्णतेत जास्त मऊ पडतात, त्यामुळे विदर्भात हे चिन्ह शोधायला हवं.

पाठीच्या खिशात बहुतेक जॅकेटांत नुसता फोमचा तुकडा येतो, त्यावर शिक्का नसतो. तो फेकून शिक्क्याचं पॅड घाला. पण ते जाड असतं, म्हणून जॅकेटची ट्रायल ते घालूनच घ्या. नंतर घातलं तर छाती आवळते, आणि मग पॅड कपाटात जातं.

गावातला टेलर

टेलर चांगला असेल, पण शर्टाचं मशीन आणि शर्टाची सुई चामड्याला चालत नाही. चामड्याला पात्यासारख्या टोकाची जाड सुई, १८ नंबर किंवा त्याहून मोठी, आणि नायलॉन किंवा पॉलिस्टरचा जाड दोरा लागतो. टाके इंचाला सहा ते आठ. शर्टाच्या सवयीने इंचाला बारा घातले, तर पावतीपुस्तकातल्या फाडायच्या ओळीसारखी छिद्रांची रांग तयार होते आणि चामडं तिथेच फाटतं. कापडाची शिवण उसवून पुन्हा घातली की खूण जाते; चामड्यात सुईचं छिद्र कायमचं राहतं. सैल करणं तर जवळपास अशक्य, कारण शिवणीच्या आत सेंटिमीटरभरच चामडं सोडलेलं असतं.

खांदा आणि बगलेची गोलाई यांना हात लावू नये, ते पुन्हा कापावं लागतं. बाही आखूड करायची आणि मनगटाला चेन नसेल तर चामड्याचं काम करणारा कारागीर करू शकतो, पण मग कोपराचं पॅड खाली राहतं, ते वर घ्यावं लागतं. कुशीची शिवण आवळणं होतं, तरी ज्या शिवणीच्या भरवशावर जॅकेटला ईएन १७०९२ या बाइकच्या कपड्यांसाठीच्या युरोपीय मानकाचा एए किंवा एएए दर्जा मिळाला, तो दर्जा त्या शिवणीपुरता संपला असं धरा. टेलरला द्यायचं काम वेगळंच आहे: अस्तर कापडाचं असतं. पॅडचा खिसा उसवून दोन बोटं वर-खाली लावणं, पॅड धरून ठेवायला आत रुंद इलॅस्टिकची पट्टी टाकणं, पट्ट्याचा लूप अस्तराच्या शिवणीत जोडणं, हे तो उत्तम करेल. सुई चामड्यातून आरपार जाऊ देऊ नका, एवढं बजावून सांगा.

ज्यांनी मेसेज वाचून दोन नंबर मोठं आधीच घेतलंय, त्यांनी आधी कंबरेच्या आणि दंडाच्या पट्ट्या शेवटपर्यंत आवळून कोपराची चाचणी पुन्हा करावी. तरी पॅड फिरत असेल तर ए आकाराच्या जागी बी आकाराचं मोठं पॅड खिशात बसतं का पाहावं. किंवा जॅकेटमधली पॅड काढून आत पॅडवाला घट्ट बनियन घालावा. हात-खांद्याला पॅड थेट अंगावर बांधलेलं राहतं आणि वरचं सैल चामडं घासण्यापुरतं कामाला येतं. पॅड काढायला हरकत नसलेली हीच एक वेळ. खांद्याची शिवणच दंडावर उतरली असेल, तर मात्र खर्च वाढवू नका. ज्याच्या मापाचं आहे त्याला विकून टाका. न भिजवलेलं, न उसवलेलं जॅकेट असेल तर घेणारा मिळतो.